तापीकाठची मोजणी

खानदेशात हवापालटाला कुणी जात नाही. पैसा असला की माणसं काश्मीरला जातात, वय झालं की काशीला जातात. खानदेशात जातो तो बदली झालेला तरी असतो, नाही तर त्याची मुलगी तिकडे दिलेली असते. माझं यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे सर होते.

सर म्हणजे आमच्या प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख. मी त्यांची डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे पोरांना बेडूक कुठून चिरायचा ते दाखवायचं, मायक्रोस्कोपची भिंगं पुसायची, आणि उरलेला वेळ सरांना सर म्हणायचं. सरांचा विषय सूत्रकृमी. केसाहून बारीक, नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या अळ्या असतात या. केळीच्या मुळात शिरतात, मुळं आतून पोखरतात, आणि एक दिवस भरल्या घडासकट झाड आडवं होतं. या अळ्यांवर सरांचा मोठा अधिकार होता. त्यांनी मायक्रोस्कोपला स्वतःचा डोळा लावल्याला बरीच वर्षं झाली होती, ही गोष्ट निराळी. "बघायला तुम्ही आहात की," ते म्हणायचे, "मी अर्थ लावतो." तेव्हा सत्तरचं दशक नुकतं उजाडलं होतं आणि अर्थ लावणाऱ्यांना चांगले दिवस होते.

कुठल्याशा परिषदेत सरांना अमळनेरकडचे एक तरुण प्राध्यापक भेटले, वनस्पतिशास्त्राचे, पाटील नावाचे. त्यांचे सासरे तापीकाठी केळी लावायचे. पाटलांनी फार हौसेनं आमंत्रण दिलं: या, आमच्या आबांच्या बागेतली मुळं तपासा. बिचाऱ्याला वाटलं, सासऱ्यापुढे आपली पत वाढेल. आपण घरात काय आणतोय याची त्याला कल्पना नव्हती.

धुळे

पुण्याहून धुळ्यापर्यंतच्या प्रवासाबद्दल एवढंच सांगते की मायक्रोस्कोपची लाकडी पेटी माझ्या मांडीवर होती आणि सर झोपले होते. वाटेत तिघांनी मला विचारलं, "पेटी वाजवता का हो?" तिसऱ्याला मी हो म्हणून टाकलं. मग त्यानं धुळं येईपर्यंत भजन म्हणण्याचा आग्रह धरला.

धुळ्याच्या खानावळीत आम्ही शेवभाजी मागवली. पुण्यात भाजीला तिखट दाखवतात. इथे तिखटाला थोडी भाजी दाखवली होती. वर बोटभर तेलाचा लाल तवंग, त्यात जाड शेव. पहिल्या घासाला मला कान कुठे आहेत ते कळलं, दुसऱ्या घासाला आवडलं, आणि तिसऱ्यानंतर मी बोलायचंच सोडलं. सरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. या सगळ्या प्रवासात त्यांच्या डोळ्यांचा झालेला तो पहिला उपयोग. मालकानं न विचारता दही आणून ठेवलं आणि म्हणाला, "पुण्याचे ना? चालायचंच." इतक्या मायेनं माझा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

सकाळी एस. टी. स्टँडवर सरांनी एका फेटेवाल्या गृहस्थाला विचारलं, "ही गाडी अमळनेरला जाणारी आहे का?"

"शे ना. शे, शे!" तो हात हलवत म्हणाला.

सर माझ्या कानाशी लागले. "शेळ्या हाकतोय की काय हा?"

स्टँडवर खरोखरच एक शेळी होती. त्यामुळे आमचं दोघांचंही समाधान झालं आणि तो शब्द आम्ही तिथेच त्या शेळीपाशी सोडून गाडीत चढलो.

अमळनेर, आणि पुढे

पाटील न्यायला आले होते. अंगात इस्त्रीचा बुशशर्ट, आणि मराठी तर त्याहून कडक इस्त्रीची. "आपला प्रवास सुखरूप झाला ना? आपण अल्पोपहार घ्यावा अशी माझी विनंती आहे." मी सदाशिव पेठेत वाढलेय, पण अल्पोपहार हा शब्द मी तोंडी ऐकला तो अमळनेरात. स्टँडभर कापसाचा धुरळा उडत होता, तेलाच्या घाण्यांचा वास येत होता, आणि त्यात उभे राहून पाटील 'तथापि' म्हणत होते.

हे असं का, ते मला गावात गेल्यावर उमगलं. तिथली एक रीत आहे. पाहुण्याशी शाळेतली मराठी बोलायची आणि घरातलं बोलणं घरातच ठेवायचं. आम्ही ओसरीवर आलो की आतली चाललेली बोलणी बंद पडत आणि सगळे धड्यातल्यासारखं बोलू लागत. आपल्याकडे पाहुण्यासमोर चांगले कप काढतात, तसंच. आमच्या पुण्यात तेही हल्ली पाहुणा किती वेळ बसणार ते बघून काढतात म्हणा.

फाट्यावर उतरून पुढे बैलगाडी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी माती, कपाशीच्या पळाट्या, आणि मग एकदम केळी. जानेवारीची ऊन-थंडी. बागेत शिरल्यावर मात्र हिरवा गारवा. पान पानाला भिडलेलं, खाली ओलसर अंधार, आणि प्रत्येक खोडाला घड लटकलेला. दोनेक महिन्यांत कापणीला येतील असे. मी इतकी केळी एका ठिकाणी आयुष्यात पाहिली नव्हती. सर म्हणाले, "उत्तम नमुना आहे."

आबा बांधावर उभे होते. साठीचे, उंच, पांढरी टोपी, हात मागे बांधलेले. त्यांनी सरांना नमस्कार केला, पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "एवढं ओझं बाईमाणसाच्या हातात दिलं?" हे सरांना. सर ढगांकडे पाहू लागले. मला आबा तिथल्या तिथे आवडून गेले.

बागेतून फिरताना आबा एकच गोष्ट अभिमानानं सांगत होते. या शिवारात केळी पहिली त्यांनी लावली. गावातल्या प्रत्येक बागेचं बेणं, म्हणजे लावायचे कंद, त्यांच्याच बागेतून गेलेलं. "समोर दिसते ना, ती माझीच लेक. नदीकाठची ती नात." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणून म्हणतो, साहेब, नीट बघा. माझ्या मुळात काही निघालं तर ते सगळ्यांच्या मुळात माझ्या हातानं गेलंय."

सरांनी बागेतच त्यांना समजावून सांगितलं. मुळात सूत्रकृमी पाच-दहा असले तर काळजी नाही, मातीत राहायचं म्हटलं की ते असायचेच. शेकड्यांत गेले तर मात्र इलाज नाही. बाग मुळासकट काढायची, जाळायची, आणि पुढची दोन पिकं तिथे केळीचं नाव काढायचं नाही.

"घडासकट?" आबांनी विचारलं.

"घडासकट," सर म्हणाले.

मी दहा ठिकाणची मुळं काढली, धुतली, बारीक चिरली आणि फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवली. अळ्यांना पाणी लागलं की त्या मुळातून बाहेर येऊन तळाशी बसतात. चिरताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. मुळं आतून बहुतेक पांढरीशुभ्र होती. आजारी मूळ आतून तांबडं-काळं पडतं. मी सरांना तसं बोललेही.

"नुसत्या डोळ्यानं शास्त्र होत नसतं," सर म्हणाले. डोळ्यांच्या बाबतीत सरांशी वाद घालायचा नाही, हा माझ्या नोकरीचा पहिला नियम होता.

रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. ज्वारी-उडदाची ती काळपट भाकरी आणि काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं, मिरच्या ठेचून घातलेलं भरीत. ज्यांनी खाल्लं नसेल त्यांची मला कीव येते, आणि पुण्यात त्या नावाखाली जे देतात ते खाणाऱ्यांची तर जास्तच. अक्का, म्हणजे आबांच्या कारभारीण, वाढताना हात आखडत नव्हत्या. जावयाच्या भाकरीवर तर तुपाची वाटीच उपडी होत होती. पाटील 'पुरे, पुरे' म्हणत होते आणि ताट पुढे करत होते.

मोजणीचा दिवस

मोजणीची आमची पद्धत अशी. एकानं मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, चौकटी आखलेल्या काचेच्या बशीत थेंबभर पाणी घ्यायचं, चौकटीमागून चौकट सरकवत अळ्या मोजायच्या आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. दुसऱ्यानं तो लिहायचा. डोळा काढून लिहायला गेलं की जागा चुकते, म्हणून दोन माणसं. बघायचं काम पाटलांनी हौसेनं घेतलं. मी मागच्या पडवीत पाणी गाळून एकेक बशी तयार करून देत होते. आणि लिहायला सर. आरामखुर्चीत, पाय स्टुलावर.

वीज नव्हती. खिडकीतलं ऊन मायक्रोस्कोपच्या खालच्या आरशावर घेऊन काम चाललं होतं. मधूनच खिडकीशी म्हैस येई आणि पाटील आतून "हैक! हैक!" करीत. भिंतीपलीकडून मला त्यांचं नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. इस्त्रीच्या मराठीचा आवाज निराळा असतो. हा सुरकुतलेला, दबलेला, श्वास रोखून बोलणाऱ्या माणसाचा आवाज होता. मी गाळत राहिले.

दुपारी सर अंगणात आले. पदवीदान समारंभाला उभं राहावं तसे उभे राहिले. "आबासाहेब, मला सांगायला अतिशय वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि चेहरा तर असा फुलला होता की जणू मुलगा झाला. "आकडे शेकड्यांत आहेत."

आबांनी जावयाकडे पाहिलं. पाटलांचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"मोजलं कोणी?" आबांनी विचारलं.

"आपल्या जावईबापूंनीच. प्रत्येक बशी."

"जावयानं स्वतःच्या डोळ्यानं मोजलंय," आबा म्हणाले, "मग प्रश्नच मिटला." आणि ते टोपी नीट करून बाहेर गेले.

संध्याकाळी ओसरीवर सर मला कौतुकानं आकडे वाचून दाखवत बसले. तीनशे, चारशे, दोनशे, सातशे, एका बशीत तर अकराशे. "काय सुबक आलेत बघा! एकही फुटकळ आकडा नाही."

"सर, सगळेच शंभराच्या पटीत?" मी म्हटलं. "अळ्या काय कवायतीला उभ्या होत्या?"

"निसर्गाला शिस्त असते, बाई. तुम्हालाच नाही."

मी खवळले होते, पण करणार काय? मोजणारे पाटील होते, आणि पाटलांइतका नेकीचा माणूस आपल्याच सासऱ्याची बाग बुडवायला आकडे फुगवणार नव्हता. मी एवढंच केलं की उरलेलं पाणी फेकलं नाही. बरण्या झाकून पडवीत ठेवल्या.

त्या रात्री जेवणं उरकली, एवढंच म्हणायचं. अक्कांनी सगळ्यांना वाढलं. पाटलांच्या ताटात भाकरी होती, तुपाची वाटी कोनाड्यातून हललीच नाही. खानदेशात जावयाला याहून मोठी शिवी देता येत नाही. पाटील कोरडी भाकरी चावत होते आणि आबा भिंतीकडे पाहून म्हणाले, "सकाळी बाग पाडायची. सगळ्यांच्या आधी माझी. मग बाकीच्यांना सांगायला तोंड राहील." मला रडू आलं. खोटं का बोलू? तिखटामुळे, असं मी अक्कांना सांगितलं.

सकाळ

सकाळी मी स्वयंपाकघरात चुलीपाशी चहा घेत बसले होते. अक्का आणि त्यांची सून कामात. मी पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, तेव्हा पाहुणी म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अंगणात माणसं जमल्याचा गलका झाला. अक्कांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "लोके कितला?"

बाहेरून मजुरांच्या मुकादमाचा आवाज आला, "बारा शे!"

माझा चहा नाकात गेला. बाराशे! एका बागेला बाराशे माणसं? अख्ख्या गावात, म्हशी धरल्या तरी, तेवढी डोकी नव्हती. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. सुनेकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "बारा शेतस. पीठ काढ."

आणि सुनेनं एक परात पीठ काढलं. एक.

"अक्का," मी म्हटलं, "शेतस म्हणजे?"

अक्का चपापल्या. पाहुणीसमोर घरातलं बोलून गेल्याची त्यांना लाज वाटली. लगेच शाळेतली मराठी: "आहेत, ताई. बारा माणसं आहेत."

"मग तो बाहेरचा नुसतं शे का म्हणाला?"

"शे म्हणजे आहे. खरं तर शेतसच म्हणायचं. पण त्याच्या तोंडात तंबाखू. घाईगडबडीत सगळेच शेपूट गिळतात."

"म्हणजे कुणी तीन शे म्हणालं तर..."

"तीन आहेत," अक्का म्हणाल्या. "दुसरं काय असणार?"

दुसरं काय असणार! कपाळ माझं. मी कप तिथेच टाकला आणि बाहेर धावले. पाटील गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"पाटील, काल बशीत किती दिसले तुम्हाला?"

"तीन. चार. एका बशीत अकरा होते."

"आणि सरांना काय सांगितलंत? शब्द सांगा, नेमका शब्द."

"जे दिसलं तेच सांगितलं. तीन शे..." ते थांबले. ओठ तसेच उघडे. "मी असं बोललो?"

तो माणूस खरंच अवाक झाला होता. अमळनेरात तथापि म्हणणारा, वर्गात शुद्ध बोलणारा, घरी पाहुण्यांपुढे त्याहून शुद्ध बोलणारा हा मनुष्य. पण एक डोळा भिंगाला लागला, श्वास रोखला, आणि समोर काचेत काहीतरी जिवंत वळवळू लागलं, की तोंडातून आईची भाषा बाहेर पडते, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. आणि लिहिणारा पुण्याचा.

"अहो, पण शेकडे ऐकून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"मला वाटलं सरांनी कशानं तरी गुणलं असेल," पाटील म्हणाले. "शास्त्रात शेवटी गुणतातच ना कशानं तरी?"

बागेच्या बाजूनं कोयत्यांचा आवाज येऊ लागला होता. केळीच्या खोडावर कोयता पडला की ओलं, भरीव असं काहीतरी वाजतं. मला तो आवाज अजून आवडत नाही. मी साडी वर खोचली आणि पळत सुटले. सरांची डेमॉन्स्ट्रेटर असं पळताना कुणी पाहिलं असतं तर माझी नोकरी गेली असती. अंगठ्याला ठेच लागली, एक चप्पल पाटात वाहून गेली, ती तिकडे तापीला मिळाली असेल.

बागेच्या तोंडाशी तो मुकादम उभा होता. गालात तंबाखू, हातात कोयता. "किती पाडली?" मी ओरडले. "किती खोडं पाडली?"

त्यानं मागे वळून आडव्या पडलेल्या खोडांकडे पाहिलं, मनाशी मोजलं आणि म्हणाला, "सात शे."

मी बांधावर, चिखलात, मटकन बसले. सातशे! उशीर झाला होता, सगळं संपलं होतं. मागून धापा टाकत पाटील आले. "ताई, उठा. सात. सातच आहेत."

पाव तासापूर्वी ज्या शब्दाचा शोध लावला होता त्याच शब्दानं मला चिखलात बसवलं. तेव्हापासून मी सरांना थोडंसं माफ केलं आहे. फार नाही.

आबा आठव्या खोडापाशी होते. पाटलांनी हातच धरला त्यांचा आणि बोलू लागले. इस्त्री पार उतरली होती. भडाभडा, एका श्वासात, घरातल्या बोलीत. मला त्यातलं 'बठ्ठं चुकनं', म्हणजे सगळं चुकलं, एवढंच कळलं, पण तो माणूस इतकं चांगलं बोलतो हे मला पहिल्यांदा कळलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. कोयता खाली ठेवला नाही.

"जावई सासऱ्याची बाग वाचवायला काहीही बोलेल," ते म्हणाले. "मला साहेबांच्या तोंडून पाहिजे." आणि माणसांना म्हणाले, "अंगणात येऊन बसा. घरी जायचं नाही. साहेबांनी मानलं नाही तर दुपारपर्यंत बाग साफ."

सरांचा डोळा

सर दात घासत होते. माझं म्हणणं त्यांनी ऐकलं, चूळ भरली आणि म्हणाले, "हास्यास्पद. पाटील जावई आहेत. त्यांच्या मोजण्यावर मी कसा विश्वास ठेवू?"

"काल ठेवला होतात."

"काल आकडे शास्त्रीय होते."

"मग आज तुम्ही बघा," मी म्हटलं. "पाणी ठेवलंय मी. स्वतः बघा आणि स्वतः मोजा." अंगणात आबा, अक्का, पाटील, कोयते घेतलेले बाराजण. एवढ्या लोकांसमोर 'मी बघत नसतो' असं म्हणायला सरांची जीभ रेटली नाही.

मी मायक्रोस्कोप अंगणात आणून बशी लावली. आरसा उन्हाला धरला. सरांनी चष्मा काढला आणि डोळा भिंगात घुसवला, सुईत दोरा ओवायला बसल्यासारखा. मग सर किंचाळलेच.

"बापरे! केवढे आहेत! काळेभोर! हलतायत! पाटील, याला तुम्ही तीन म्हणता?"

पाटलांचा चेहरा पुन्हा पिठासारखा. आबांची कोयत्यावरची मूठ आवळली. माझ्या मनात मात्र शंका आली, कारण दरवर्षी प्रॅक्टिकलच्या पहिल्या तासाला दहा पोरं हेच ओरडतात.

"सर," मी म्हटलं, "पापणी मिटा."

"गेले!"

"उघडा."

"आले! परत आले!"

"पुन्हा मिटा."

"गेले..." सरांचा आवाज बारीक झाला.

"तुमच्या पापणीचे केस आहेत ते, सर," मी म्हटलं. "डोळा जरा मागे घ्या."

पाटील खांद्यावरच्या टॉवेलात तोंड घालून हसून गदगदत होते. बाकी कुणाला काय झालं ते कळलं नव्हतं, फक्त आबांच्या मिशा हलल्या. सरांनी डोळा मागे घेतला. बराच वेळ बघत राहिले. मी शपथेवर सांगते, त्या वेळेला मी देवाला हात जोडले होते. शेवटी सर म्हणाले, "तीन."

बशी बदलली. चार. बशी बदलली. दोन. अकरावाली लावली, दहा निघाले; अकरावा रात्रीत मेला असावा, असा सरांनी अर्थ लावला.

आबा पुढे झाले. "मला बघू द्या." त्यांनी टोपी काढून जावयाच्या हातात दिली, वाकले, एक डोळा लावला. त्यांना पहिल्याच फटक्यात दिसलं. ओठ पुटपुटू लागले. एवढी माणसं भोवती होती, पण त्या घटकेला आबा आणि त्या अळ्या, एवढेच तिथे होते. अगदी हळू, श्वास रोखून म्हणाले, "दोन शे."

त्यांनी डोळा काढला आणि सरांकडे पाहिलं. "लिहा, साहेब. दोन."

मग कोयता खाली ठेवला.

सात खोडांचे सात घड हिरवेच होते. अक्कांनी त्यांची कच्च्या केळ्यांची भाजी केली, बाराजण आणि आम्ही सगळे अंगणात पंगतीला बसलो. वरण-बट्टीही होती. अक्कांनी जावयाच्या ताटात बट्टी चुरली आणि तूप ओतायला लागल्या, ते ताटाबाहेर ओघळ जाईपर्यंत थांबल्याच नाहीत. पाटलांनीही या वेळी पुरे म्हटलं नाही. मान खाली घालून जेवत होते आणि अधूनमधून नाक पुसत होते. तिखट कशातच नव्हतं.

सरांना वाढायला आबा स्वतः उठले. "बट्टी किती, साहेब?" सरांनी घाईघाईनं दोन बोटं दाखवली. आबा म्हणाले, "बोटांवर माझा विश्वास नाही. तुमच्या डोळ्यात फार पीक आहे." पंगत हसली. सरसुद्धा हसले, जरा उशिरा.

घरी

पुण्याला आल्यावर सरांनी आमच्या प्रयोगशाळेत एक पाटी लावली: 'मोजणी करताना फक्त आकडा उच्चारावा. क्रियापदास सक्त मनाई आहे.' नवी पोरं ती वाचून माझ्याकडे बघतात. मी सांगते, निसर्गाला शिस्त असते, बाळांनो.

पण मला त्या सात खोडांचा घोर लागून राहिला होता. उरल्यासुरल्या अळ्या मराव्यात म्हणून आबांनी बेणं सोलून गरम पाण्यात बुडवून लावायचं कबूल केलं होतं, पण उघड्या पडलेल्या ओळीत वारा शिरतो, बाकीची खोडं मोडतात. कापणीचे दिवस येऊन गेले. कुणाकडून काही कळलं नाही. आणि विचारायचं तर कुठल्या तोंडानं?

पावसाळ्यानंतर एका दुपारी दारात पाटील उभे. कडक इस्त्रीचा बुशशर्ट, खांद्यावर करंडा. आमच्या वाड्याचे जिने चढून दमलेले. सर त्या दिवशी आमच्याकडे चहाला आले होते, बरोबर शेजारच्या विभागाचे दोघे प्राध्यापक होते. मला वाटलं, आता 'आपली प्रकृती कशी आहे' पासून सुरुवात होणार. मी धीर करून आधीच विचारलं, "बाग?"

पाटलांनी करंडा खाली ठेवला. वरची पानं बाजूला केली. आत पिवळीधमक केळी. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एवढ्या पुणेकरांसमोर, सगळी इस्त्री बाजूला ठेवून म्हणाले,

"शे."